लग्नाचा 'खरा' ग्रंथ कुठला? आश्वलायन, हिरण्यकेशी आणि गोव्यातल्या आमच्या रीती

मडगावच्या एका मुलाने विचारलंय, त्याचा प्रश्न थोडक्यात असा. वैशाखात लग्न आहे. हे सारस्वत, ऋग्वेदी, मुलगी सत्तरीतल्या चित्पावन घरातली, त्यांचं सूत्र, म्हणजे घराण्याने पाळायचा कर्माचा जुना ग्रंथ, हिरण्यकेशी. दोन्हीकडच्या भटजींकडे वेगवेगळी पुस्तकं, मंत्र वेगळे, सप्तपदीचे शब्दसुद्धा वेगळे. म्हणून त्याने स्वतः आश्वलायन गृह्यसूत्राचं इंग्रजी भाषांतर काढून वाचलं तर त्यात मंगळसूत्र नाही, अंतरपाट नाही, मंगलाष्टकं नाहीत. आता त्याला वाटतंय की आपण करतो ते सगळं मागाहून घुसडलेलं, आणि मूळ संस्कृत ग्रंथाप्रमाणेच लग्न लागावं, बाकी सगळं काढून टाकावं. तर मूळ ग्रंथ नेमके कुठले, आणि दोघांपैकी कुणाचं बरोबर?

मी फोंडा महालातला, पस्तीस वर्षं याज्ञिकी करतोय, तुझ्या वडिलांच्या वयाचा असेन म्हणून तुला 'तू' म्हणतो. प्रश्न चांगला आहे, ग्रंथ उघडून बघितलास हे तर त्याहून चांगलं. पण एका ठिकाणी चुकलास, तू सूत्र हे पाककृतीच्या पुस्तकासारखं वाचलंस, यात लिहिलंय तेवढंच करायचं, नाही लिहिलं ते नाही करायचं असं. सूत्र तसं नसतंच.

आधी ग्रंथांचा पसारा समजून घे. वेदाची सहा अंगं, त्यातलं एक कल्प, आणि कर्म कसं करायचं ते सांगणारं अंग हेच. कल्पाचे चार भाग, श्रौत म्हणजे गार्हपत्य आहवनीय वगैरे तीन अग्नींवरचे मोठे यज्ञ, गृह्य म्हणजे घरातल्या एका अग्नीवरची कर्मं आणि संस्कार, धर्म म्हणजे आचार, आणि शुल्ब म्हणजे वेदी-चिती मापायची दोरी. ही सूत्रं साधारण इ.स.पू. ८०० ते ३०० या काळातली मानतात. प्रत्येक वेदाची, प्रत्येक शाखेची वेगळी. ऋग्वेदाला आश्वलायन आणि शांखायन. कृष्ण यजुर्वेदात तैत्तिरीय शाखेचीच बौधायन, आपस्तंब, हिरण्यकेशी ज्याला सत्याषाढ पण म्हणतात, भारद्वाज अशी बरीच. शुक्ल यजुर्वेदाला कात्यायनाचं श्रौत आणि पारस्कराचं गृह्य. सामवेदाला लाट्यायन, गोभिल, अथर्वाला वैतान आणि कौशिक. तुमच्या लग्नाचा संबंध यातल्या दोनांशीच येतो त्यामुळे बाकीच्यांची काळजी करू नकोस.

वेगवेगळी का, याचं कारण मात्र नीट कळायला हवं, नाहीतर माणूस आयुष्यभर कुणाचं खरं कुणाचं खोटं करत बसतो. यज्ञात काम वाटलेलं असतं. साधी दर्शपूर्णमास इष्टी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेचा यज्ञ घे, तिला चार ऋत्विज म्हणजे यज्ञ चालवणारे पुरोहित लागतात, अध्वर्यू, होता, ब्रह्मा आणि आग्नीध्र. सोमयागाला सोळा. होता ऋग्वेदाचा, अध्वर्यू यजुर्वेदाचा. आता आश्वलायन श्रौतसूत्र हे होत्याचं पुस्तक, त्यात होत्याने कधी काय म्हणायचं ते आहे, पण कपालं म्हणजे खापरं कशी मांडायची, पुरोडाश म्हणजे आहुतीची पिठाची भाकरी कशी भाजायची हे त्यात शोधलंस तर मिळायचं नाही, ते अध्वर्यूच्या पुस्तकात, आपस्तंबात किंवा सत्याषाढात. म्हणजे ऋग्वेदी घरच्या यजमानाला यज्ञ करायचा तर यजुर्वेदी माणूस बोलवावाच लागतो. एकाच्या पुस्तकात अख्खा यज्ञ सापडतच नाही. ही गोष्ट मला वयाच्या विसाव्या वर्षी कळली आणि तेव्हापासून दुसऱ्या सूत्राबद्दल माझ्या मनात कधी तेढ आली नाही.

आता सूत्राची लिहायची पद्धत. सूत्र हे आधीच ज्याला मंत्र पाठ आहेत आणि ज्याने बापाला, काकाला कर्म करताना बघितलंय त्याच्यासाठी केलेली आठवण आहे. मंत्र पूर्ण देतच नाही, सुरुवातीचे शब्द देऊन पुढे जातं. किती शब्द दिले त्यावरून किती म्हणायचं ते ठरतं. आश्वलायन श्रौतसूत्राच्या सुरुवातीलाच नियम आहे, ऋचेचा पूर्ण पाद, म्हणजे एक चरण, दिला असेल तर ती एक ऋचा, पादाहून कमी दिलं असेल आणि ती सूक्ताची सुरुवात असेल तर अख्खं सूक्त, पादाहून जास्त दिलं असेल तर तीन ऋचा. तू भाषांतरात वाचलं असशील की पाणिग्रहणाला 'गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्' म्हणून हात धरतो. तो पूर्ण पाद आहे, म्हणून ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पंच्याऐंशीव्या सूक्तातली, सत्तेचाळीस ऋचांच्या त्या विवाहसूक्तातली, ती एकच ऋचा. हे ज्याला माहीत नाही तो एकतर चारच शब्द म्हणेल नाहीतर सगळं सूक्त म्हणत बसेल. आणि त्याच जागी सूत्र काय सांगतं बघ, फक्त मुलगे हवेत तर अंगठा धर, मुली हव्यात तर बोटं धर, दोन्ही हवेत तर केसाळ बाजूकडून अंगठ्यासकट पूर्ण हात धर. मुलीच हव्यात असं मागणारं कुणीतरी त्या काळी होतं आणि सूत्रकाराने त्याच्यासाठी जागा ठेवली, हे मी प्रत्येक लग्नात सांगतो. आम्ही पूर्ण हात धरायला लावतो.

अजून एक नियम, हा आपस्तंबाच्या परिभाषेतला, म्हणजे सर्वसाधारण नियमांच्या भागातला, 'मन्त्रान्तैः कर्मादीन् सन्निपातयेत्', म्हणजे मंत्राचा शेवट आणि कृतीची सुरुवात एकत्र यायला हवी. आहुती 'स्वाहा'वर पडायला हवी, आधी नाही नंतर नाही. हॉलमध्ये माईकवर एक जण मंत्र म्हणतो आणि यजमान भलत्याच वेळी तूप ओततो, हे मला बघवत नाही, मी थांबवतो आणि परत म्हणतो, लोक कंटाळले तरी चालेल.

लाजाहोमाचं तर तुला सविस्तर सांगतो कारण एका ओळीच्या सूत्रात किती भरलेलं असतं ते त्यात दिसतं. सूत्र म्हणतं वधूच्या ओंजळीला तूप लावून भाऊ, किंवा भावाच्या जागी असलेला कुणीतरी, दोनदा लाह्या घालतो, आणि पुढचं सूत्र फक्त एवढंच, 'त्रिर्जामदग्न्यानाम्', जामदग्न्यांना तीनदा. का, ते नाही सांगत. कारण असं की हविर्भाग, म्हणजे आहुतीचा भाग, चार वेळा मिळून पुरा होतो, खाली तुपाचा थर एक, लाह्या दोनदा, वर परत तूप एक, झाले चार. जमदग्नीच्या वंशातले पंचावत्ती, त्यांचा भाग पाचांचा, म्हणून त्यांना लाह्या तीनदा. आपल्या सारस्वतांत वत्स गोत्र भरपूर, ते जामदग्न्य. मी नवीन होतो तेव्हा वत्स गोत्राच्या एका वराच्या लग्नात दोनदाच घालायला सांगितलं, माझे गुरुजी शेजारी बसलेले, त्यांनी नुसती तीन बोटं दाखवली. घरी आल्यावर त्यांनी भाष्यासकट ते सूत्र माझ्याकडून पाठ करून घेतलं. त्यानंतर मी लग्नाच्या आदल्या दिवशी गोत्र फक्त संकल्पासाठी विचारत नाही, या लाह्यांसाठी पण विचारतो. तुझं गोत्र काय ते तू लिहिलेलं नाहीस, तुमच्या भटजींना विचार त्यांनी ते बघितलंय का. आणि 'भावाच्या जागी असलेला' हे शब्द पण लक्षात ठेव, मुलीला सख्खा भाऊ नसला म्हणून कितीतरी घरांत आया रडताना मी बघितल्यात, सूत्राने अडीच हजार वर्षांच्या आसपास आधीच सांगून ठेवलंय की चुलत, मावस, मानलेला कुणीही चालतो.

म्हणजे सूत्राच्या मागे भाष्य लागतं. आश्वलायनावर नारायणाची वृत्ती आहे, हिरण्यकेशीवर मातृदत्ताची, पारस्करावर कर्क, हरिहर, गदाधर. भाष्यानंतर प्रयोग किंवा पद्धती, यात संकल्पापासून आशीर्वादापर्यंत सगळं क्रमाने मंत्रांसकट लिहिलेलं असतं. आश्वलायनांसाठी नारायण भट्टांचा प्रयोगरत्न, हे सोळाव्या शतकातले, मूळ पैठणचं घराणं पण काशीला स्थायिक. हिरण्यकेशींसाठी भट्ट गोपीनाथ दीक्षितांची संस्काररत्नमाला, ती पुण्याच्या आनंदाश्रमाने छापली. कुठल्या दिवशी, कुठल्या तिथीला, सुतकात काय असले निर्णय हवे असतील तर नारायण भट्टांचेच नातू कमलाकर भट्ट यांचा निर्णयसिंधू, १६१२ चा, आणि काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधू, १७९० चा. ते पंढरपूरला राहायचे पण घराणं रत्नागिरीकडच्या गोळवलीचं, म्हणजे आपल्याच कोकणपट्टीचं. तुमच्या भटजींच्या पिशवीत जे जाडं पुस्तक आहे ते बहुतेक ऋग्वेदीय ब्रह्मकर्मसमुच्चय असणार, तो या सगळ्याच्या खालचा, रोजच्या कामाचा संग्रह. त्याच्याही खाली त्यांच्या वडिलांच्या हातची वही असेल तर ती बघायला माग, माझ्याकडे आजोबांची आहे, तिच्यात कुठल्या गावात कुठल्या घरी काय वेगळं करतात ते पानाच्या कडेला लिहिलेलं आहे, माझ्या मते ती पण ग्रंथच.

आता तुझा मुख्य मुद्दा, मंगळसूत्र आश्वलायनात नाही. बरोबर, नाही. अंतरपाट नाही, मंगलाष्टकं नाहीत, सप्तपदीला तांदळाच्या सात राशी मांडतात त्या पण नाहीत, सूत्र फक्त म्हणतं अपराजिता दिशेला, म्हणजे ईशान्येला, सात पावलं चालव. पण तू विवाहाचं प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचलंस का? पहिल्या अध्यायाच्या सातव्या खंडाचं पहिलंच सूत्र आहे, 'अथ खलूच्चावचा जनपदधर्मा ग्रामधर्माश्च तान्विवाहे प्रतीयात्'. देशादेशाचे आणि गावागावाचे धर्म नाना तऱ्हेचे असतात, ते विवाहात पाळावेत. आणि लगेच दुसरं, 'यत्तु समानं तद्वक्ष्यामः', जे सगळीकडे सारखं तेवढंच आम्ही सांगतो. सूत्रकार स्वतः सांगतोय की माझ्या पुस्तकात सगळं नाही, गावाचं गावाला विचारा! मग त्याच्या पुस्तकात नाही म्हणून गावाची रीत काढून टाकायची हे त्याच्याच पुस्तकाच्या विरुद्ध झालं की नाही.

आणि हा एकटा आश्वलायन नाही. आपस्तंब गृह्यसूत्रात आहे, 'आवृतश्चास्त्रीभ्यः प्रतीयेरन्', रीती बायकांकडून समजून घ्याव्यात. पारस्कर म्हणतो 'ग्रामवचनं च कुर्युः', गाव सांगेल ते करावं, आणि पुढे त्याचा आधार देतो की विवाहात आणि स्मशानात गावात शिरावं म्हणजे गावाला विचारावं. तीन वेगळ्या वेदशाखांचे तीन सूत्रकार, तिघांचं एकमत. मला या ओळी कळल्या तेव्हा माझं लग्न लावण्याचं काम बदलून गेलं. त्याआधी आतल्या खोलीत म्हाताऱ्या बायका काहीतरी करत असायच्या आणि मी बाहेर मुहूर्त जातोय म्हणून ओरडत असायचो. आता मी आधी आत जातो, सगळ्यात वयस्क बाईला नमस्कार करतो आणि विचारतो, आजी, तुमच्याकडे काय काय आहे, कधी आहे, मला वेळ सांगा. हे मी मोठेपणा म्हणून करत नाही, सूत्रात तसं करायला सांगितलंय म्हणून करतो.

आमच्या गोव्यात ह्या ग्रामधर्माला अजून एक वजन आहे. तिसवाडी, बार्देश, साष्टी इथे सोळाव्या शतकात देवळं पाडली, आपली कर्मं करायला बंदी आली, १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, बसलं ते मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, लोटलीचा रामनाथ हे सगळे नदी ओलांडून आमच्या फोंड्यात आले कारण फोंडा तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता, तो त्यांच्याकडे गेला १७६३ ला. लग्नं लावायला सुद्धा माणसं हद्दीच्या पलीकडे जात. अशा दिवसांत घरातल्या बायकांनी चुडा कसा भरायचा, ओटी कशी भरायची, शेंस कशी लावायची, देवाला गाऱ्हाणं कधी घालायचं हे सगळं तोंडी धरून ठेवलं. हे तुला कुठल्या भाषांतरात मिळणार? तुझी आजी असेल तर आजच तिच्याजवळ बस आणि लिहून घे, फोनमध्ये रेकॉर्ड कर. वैशाखाला वेळ आहे पण आजीकडे किती वेळ आहे ते कुणाला माहीत नसतं.

पण याचा अर्थ रीत म्हटली की काहीही चालेल असा नाही. नारायण वृत्तिकाराने हद्द घालून दिलीय. तो उदाहरण देतो विदेह देशाचं, तिथे लग्न झालं की लगेच सहवासाची चाल होती, पण गृह्यसूत्र सांगतं तीन रात्री ब्रह्मचर्य पाळा, जमिनीवर झोपा, खारट खाऊ नका. मग इथे काय करायचं? तो म्हणतो गृह्यात सांगितलेलंच करायचं, देशधर्म नाही. म्हणजे सूत्र गप्प आहे तिथे गाव बोलेल, सूत्र बोलतं तिथे सूत्र. मी याच मापाने चालतो. फुलांचा हार घालताना वराला खांद्यावर उचलतात ते सूत्रात नाही, रीत पण नाही, पण कशाच्या आड येत नाही, करा बापडे. पण सप्तपदी चालू असताना फोटोसाठी दोघांना थांबवून मागे फिरवणं, सातवरून परत तीनवर आणणं, याला मी नाही म्हणतो, स्पष्ट. आणि स्टेज पश्चिमेकडे तोंड करून आहे म्हणून पावलं पण तिकडेच चालवा म्हणतात, त्याला पण नाही. ईशान्य म्हणजे ईशान्य, हॉलमध्ये गेल्यावर पहिलं काम मी दिशा बघायचं करतो.

आता दोन सूत्रांचं. तुझ्या सप्तपदीत 'इष एकपदी, ऊर्जे द्विपदी, रायस्पोषाय त्रिपदी' असं येणार आणि शेवटी 'सखा सप्तपदी भव'. तिच्या घरच्या पद्धतीत 'एकमिषे विष्णुस्त्वान्वेतु, द्वे ऊर्जे विष्णुस्त्वान्वेतु' असं. एकात पावलाला नाव आहे, दुसऱ्यात प्रत्येक पावलाला विष्णू तुझ्यामागून येवो असं मागणं आहे, पण अन्न, बळ, धन, सुख ही मागण्यांची ओळ बघ, मूळ तेच. क्रम पण सूत्रागणिक बदलतो, आश्वलायनात आधी लाजाहोम मग सप्तपदी, आपस्तंबात सप्तपदी आधी. ह्यात चूक-बरोबर काही नाही, जो तो आपल्या शाखेचं करतो.

लग्न कुणाच्या सूत्राने? विवाहहोमाचा कर्ता वर, अग्नी त्याचा, म्हणून पाणिग्रहण, लाजाहोम, सप्तपदी हे वराच्या सूत्राने, म्हणजे तुझ्या आश्वलायनाने. कन्यादान मुलीचा बाप करतो, तो त्यांच्या घरचा संकल्प, तिथे त्यांच्या भटजींनी पुढे व्हावं. दोन्ही भटजींना लग्नाआधी एकदा फोनवर तरी बोलायला लाव, मांडवात बसून ठरवायला गेलं की आवाज चढतात आणि मुलीच्या बापाचा जीव टांगणीला लागतो, मी बघितलंय. दुसऱ्या शाखेचं काहीच घ्यायचं नाही असं पण नाही बरं का. आपल्या शाखेत जे सांगितलेलं नाही आणि दुसरीकडचं आपल्याशी विरोध करत नाही ते घ्यावं, असा जुना मान्य नियम आहे. उदकशांत, म्हणजे मंत्रांनी पाणी भारून करायची शांत, आपण करतो ना, ती बौधायनाने सांगितलेली, मंत्र तैत्तिरीयांचे. कितीतरी ऋग्वेदी घरांत ती आनंदाने होते, कुणी विचारत नाही की ही आपली की त्यांची. तुमच्याकडे पण ग्रहमखाच्या, म्हणजे नवग्रहांच्या होमाच्या, आधी किंवा लग्नानंतर उदकशांत ठेवणार असाल तर ती मुलीकडच्या हिरण्यकेशी भटजींना करू द्या, त्यांचे मंत्र त्यांच्या तोंडून ऐकायला मिळतील.

जागेचं एक सांगतो. तू विचारलंयस की तांब्याचं यज्ञकुंड शास्त्राच्या मापाचं कुठे मिळेल. लागतच नाही. गृह्यकर्माला स्थंडिल पुरतं. आश्वलायन सांगतो, चारी बाजूंनी निदान एका बाणाएवढी जागा शेणाने सारवायची आणि तिच्यावर सहा रेघा, पश्चिमेला एक उत्तरेकडे जाणारी, तिच्या दोन टोकांना दोन पूर्वेकडे जाणाऱ्या, मध्ये तीन, मग पाणी शिंपडून अग्नी ठेवायचा. हॉलवाले टाइल्स खराब होतील म्हणून कुरकुरतात, तर खाली विटा, वर जाड वाळूचा थर, त्यावर शेणाचा हात फिरवायचा, काही बिघडत नाही, मी नेहमी असंच करतो.

मापं बघायची असतील तर ती शुल्बसूत्रात, आणि ती वाचायला मला इतकं आवडतं की इथे थोडं विषयांतर करतोच. श्रौतातला गार्हपत्य गोल, आहवनीय चौकोनी, दक्षिणाग्नी अर्धगोल, आणि तिघांचं क्षेत्रफळ सारखं यायला हवं. दोरी आणि खुंट्या, एवढंच सामान. बौधायन सांगतो की आयताच्या कर्णाच्या दोरीवरचा चौरस हा दोन्ही बाजूंवरच्या चौरसांच्या बेरजेएवढा, जो तू शाळेत दुसऱ्याच नावाने शिकलास. अर्धगोल गोलाएवढा करायचा तर त्याची त्रिज्या चौरसाच्या कर्णाच्या प्रमाणात वाढवावी लागते, त्यासाठी त्याने एक आणि एक तृतीयांश, अधिक त्याचा चौथा, उणे त्या चौथ्याचा चौतिसावा, असं माप दिलंय, कॅल्क्युलेटरवर मांडून बघ, १.४१४२१५ येतं, दशांशाच्या पाच घरांपर्यंत बरोबर. मी एकदा अंगणात करून बघितलं, आधी सुंभाची दोरी घेतली तर ती ताणली की लांबायची आणि कोन चुकायचा, मग सुती दोरी भिजवून वाळवून घेतली तेव्हा कुठे जमलं. ज्यांनी हे ग्रंथ लिहिले ते हाताने काम करणारे लोक होते हे त्या दिवशी पटलं.

एक गोष्ट मात्र तुझ्या मनासारखी, खरंच मूळ सूत्रातली आणि हल्ली अगदीच उरकून टाकलेली, ती तू जरूर कर. ध्रुवदर्शन. सूत्र सांगतं ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी बघून वधूने मौन सोडायचं आणि म्हणायचं, माझा पती जगो, मला संतती मिळो. आता लग्नं लागतात सकाळी साडेअकराला, मग भर दुपारी छताकडे बोट दाखवून ध्रुव दिसला म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मला हे आत कुठेतरी लागतं. तुझं लग्न वैशाखात आहे ही किती चांगली गोष्ट आहे बघ, त्या दिवसांत अंधार पडला की सप्तर्षी उत्तरेला चांगले वर असतात, मार्गशीर्षात असतं तर अर्ध्या रात्रीपर्यंत थांबावं लागलं असतं. गोव्यातून ध्रुव फार वर नाही, क्षितिजापासून साधारण १५ अंश, म्हणजे माड आणि घरांच्या मागे सहज लपतो. तेव्हा उत्तरेकडे मोकळी जागा आधीच बघून ठेव, शेताचा बांध, नदीचा काठ, नाहीतर गच्ची. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला अगदी चिकटून बारीकशी अरुंधती, चांगली नजर असेल तर दिसते. रिसेप्शनमधून दहा मिनिटं दोघांना बाहेर काढायला सांग, मंत्र तुमचे भटजी म्हणतील, नाही आले तर मला सांग, मडगाव काही लांब नाही.

बाकी किरकोळ. दर्भ विकत घेताना श्रावण अमावास्येला काढलेला आहे का विचार, तो वर्षभर चालतो, कुठल्याही रानगवताच्या जुड्या हल्ली दर्भ म्हणून देतात. ग्रहयज्ञ असेल तर नऊ समिधांत रुई, पळस, खैर, आघाडा, पिंपळ, औदुंबर, दूर्वा हे आमच्याकडे मिळतं, शमी मात्र आधी सांगून घाटावरून मागवावी लागते, म्हणून महिनाभर आधी बोल. नेटवरून पीडीएफ उतरवलीस तर स्वरांच्या रेघा असलेलीच घे, अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे अनुदात्त, डोक्यावर उभी म्हणजे स्वरित, ज्यात त्या नाहीत ती प्रत मंत्र म्हणायला उपयोगाची नाही.

आणि चुकलं तर काय, ही भीती तुझ्या प्रश्नात दिसली. आश्वलायन गृह्यसूत्रातच शेवटच्या स्विष्टकृत आहुतीचा मंत्र आहे, 'यदस्य कर्मणोऽत्यरीरिचं यद्वा न्यूनमिहाकरम्', ह्या कर्मात माझ्याकडून जे जास्त झालं किंवा जे कमी पडलं, ते सगळं नीट जाणणारा स्विष्टकृत अग्नी चांगलं यजन, चांगलं हवन करून घेवो. प्रत्येक होमाच्या शेवटी ही आहुती असतेच. तेव्हा भटजी 'स्वाहा' म्हणेपर्यंत हात थांबव, आणि मग घाल.